भाड्याचा हशा

हसण्याचे पैसे मिळतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. तेही अमेरिकेत. तोपर्यंत मी फुकट हसत होते, आणि तेसुद्धा बेतानं.

आमच्या मंडळाच्या अंकात दर दिवाळीला कोणी ना कोणी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. डॉक्टर लिहितात, कॉम्प्युटरवाले लिहितात, एकदा विमान चालवणाऱ्या एकानं लिहिलं होतं. यंदा संपादकीणबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही लिहा." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत संपली. त्या म्हणाल्या, "नोकरी तर केलीत ना?" केली. दोन केल्या. एक सांगलीला, एक लॉस एंजेलिसला. दुसरी कळायला पहिली थोडी सांगावी लागेल.

सांगलीत आमचे हे एका नाटकगृहाचं कँटीन चालवायचे. ते गल्ल्यावर, मी कढईपाशी. कँटीन आणि नाटकगृह यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीतून शब्द कळायचे नाहीत, पण हशा कळायचा. मी वर्षानुवर्षं नाटकं ऐकली. पाहिली फार थोडी. पहिल्या अंकात हशा भरघोस आला की मी पीठ वाढवायची, कारण हसलेल्या माणसाला भूक लागते. रडवणाऱ्या नाटकाला चहा जातो, वडे पडून राहतात.

आणखी एक आवाज भिंतीतून स्वच्छ यायचा. संगीत नाटक असलं आणि पद रंगलं की आधी एकजण ओरडायचा, "वन्स मोअर!" मग सगळे. मग नट हात जोडायचा आणि तेच पद पुन्हा म्हणायचा. तसं झालं की मी गॅस बारीक करायची. मध्यंतर तेवढं लांबलं. 'वन्स मोअर' हा शब्द मी इतका ऐकला होता की तो इंग्रजी आहे हे मला अमेरिकेत आल्यावर समजलं. गंमत म्हणजे अमेरिकेत तो नाटकात कुणी ओरडत नाही.

हे गेले, कँटीन दुसऱ्यानं घेतलं, आणि मुलगी मला इकडे घेऊन आली. वर्षा आणि जावई दोघं सकाळी गाड्या घेऊन कामाला. नात सिया शाळेत. मला ज्येष्ठांच्या एका केंद्रात सोडायचे. तिथे बिंगो खेळायचा आणि जेली खायची. मला दोन्ही आवडायचं नाही.

त्या केंद्रात एक दिवस रोझा नावाची बाई आली. मेक्सिकोची, पन्नाशीची, हातात शिट्टी. तिचं काम माणसं भरायचं. टीव्हीवर ज्या हसायच्या मालिका असतात त्या इथे प्रेक्षकांसमोर करतात. नाव झालेल्या मालिकेला लोक आपणहून रांग लावतात. नव्या मालिकेला कोण येणार? मग खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत आणि हशा कमी पडू नये म्हणून रोझासारखी माणसं बस घेऊन फिरतात आणि म्हातारे, बेकार, विद्यार्थी, जो मिळेल तो गोळा करून आणतात. तासावर पैसे. सँडविच फुकट.

रोझानं माझ्याकडे बघून विचारलं, "इंग्लिश?"

मी म्हटलं, "लिटल."

ती म्हणाली, "मी पण लिटल. नो प्रॉब्लेम. हसता येतं?"

घरी सांगितलं तर वर्षा चिडली. "आई, तू पैसे घेऊन हसायला जाणार? लोक काय म्हणतील? उद्याच फोन करून कॅन्सल कर."

मी म्हटलं, "पैसे घेऊन रडणाऱ्या बायका असतात म्हणे कुठेकुठे. त्यापेक्षा हे बरं."

सिया म्हणाली, "बट आजी, यू वोन्ट गेट द जोक्स!"

तिला वाटत होतं, विनोद कळायला भाषा लागते. मी ते भिंतीपलीकडून, शब्द न कळता, समजून घेतले होते. मी गेले.

आता हा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण मला स्वतःला त्याचं फार कुतूहल होतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

धान्याच्या गोदामासारखी मोठी इमारत, खिडकी एकही नाही. आत एका बाजूला जिन्यासारख्या चढत गेलेल्या खुर्च्या, त्या आमच्या. समोर घरं मांडलेली, पण प्रत्येकाला तीनच भिंती. चौथी भिंत असायला हवी तिथे कॅमेरे. आमच्या डोक्यावर काळ्या गोंड्यांसारखे मायक्रोफोन टांगलेले. ते नटांसाठी नाहीत, आमच्यासाठी. आमचा हशा त्यात जातो आणि घरी बसलेल्यांना ऐकू येतो. तो कमी पडला तर आधीच्या कुठल्या तरी दिवसाचा साठवलेला हशा मागून घालतात, असं रोझानं सांगितलं. म्हणजे वडे कमी पडले तर सकाळचे गरम करून देतात तसं. आम्ही कधी दिले नाहीत.

हॉल गार. इतका गार की मी नऊवारीवर जावयाचं जाकीट घालायची. मला आधी वाटलं यंत्र बिघडलंय. मग कळलं, मुद्दाम. उबेत माणूस पेंगतो, थंडीत हसतो.

बावीस मिनिटांच्या मालिकेला संध्याकाळ जाते. एक प्रवेश करतात. डायरेक्टर म्हणतो, पुन्हा. पुन्हा करतात. मग चार लेखक कोपऱ्यात डोकी जोडतात, वाक्य बदलतात, पुन्हा करतात. आणि आम्ही दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचं. हे खरं काम. पहिल्यांदा कोणीही हसतो. तिसऱ्यांदा हसायला अंगात जोर लागतो. मधल्या वेळात आम्ही मरगळू नये म्हणून डॅनी नावाचा एक माणूस ठेवलेला. तो माइक घेऊन आमच्यात फिरायचा, गोळ्या फेकायचा, नाचायचा, कुणाच्याही टोपीची टिंगल करायचा. त्याचं नाव टीव्हीवर कुठे लागायचं नाही. माझ्या मते सगळ्यात कष्टाळू नट तोच.

हसणारेही नाना तऱ्हेचे. एक आर्मेनियन आजोबा झोपेत हसायचे. शेजारी हसले की डोळे न उघडता खांदे हलवायचे. एका बाईचं हसणं कोंबडी अंडं घालताना ओरडते तसं. रोझा तिला मुद्दाम मधल्या खुर्चीवर बसवायची, कारण तिच्यावर बाकीचे हसायचे. मी शेवटच्या रांगेत. मी हसायची ते पोटातून आणि थोडकं. रोझानं दोनदा टोकलं, "मम्मा, मोर!" मी म्हटलं, "विनोद मोर, तर हसणं मोर."

ज्या मालिकेबद्दल लिहायचं आहे ती अशी. एका गावात एका म्हाताऱ्याचं कपडे धुवायचं दुकान. नाणी टाकली की मशीन चालतं, तसलं. वरच्या मजल्यावर भाडेकरू. त्यातला एक भारतातून आलेला कॉम्प्युटरवाला. दर भागात तो मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन जिन्यानं खाली यायचा, मान डोलवायचा, म्हणायचा "नो प्रॉब्लेम", आणि मग काहीतरी मोठा घोळ व्हायचा. तो जिन्यावर दिसला की बोलायच्या आधीच लोक हसायचे. का, ते मला कळेना. मुलगा दिसायला चांगला होता, कपडे नीट होते. मान तर मीही डोलवते.

तिसऱ्या की चौथ्या भागात त्याला फोनवर आईशी बोलायचं होतं. लेखकांनी त्याला सांगितलं होतं, तुझ्या भाषेत काहीही बोल, कोणाला कळतंय? त्यानं फोन उचलला, मान डोलवली आणि बोलायला लागला.

"हो आई, जेवलो. काय जेवलो ते विचारू नको. थंडगार पावात थंडगार कोंबडी घालून देतात अन् वरून विचारतात, आवडलं का? इथं समोर एक टकले काका बसले आहेत जी, ते हसले तर माझी नोकरी राहते. कालपासून हसले नाहीत. पोट साफ झालं नसंल बाप्पा."

मराठी! आणि समोर कॅमेऱ्यांच्या मागे डायरेक्टर, खरोखरच टकला, खरोखरच आंबट तोंडाचा. मला आवरेना. मी एकटीच हसले. आवाज त्या गोदामात घुमला. नट वर बघायला लागला. बाकी लोक माझ्या हसण्यावर हसले, आणि कोंबडीवाल्या बाईनं मागे वळून माझ्याकडे रागानं पाहिलं, तिची जागा गेल्यासारखं.

प्रवेश संपल्यावर तो थेट आमच्या खुर्च्यांपुढच्या कठड्यापाशी आला आणि हातानं मला खाली बोलावलं.

"मावशी, तुम्ही काहून हसल्या जी?"

"हसू आलं म्हणून. टकल्यांना कळलं तर?"

"कोण सांगणार? तुम्ही?"

"मला कुठे येतंय इंग्लिश," मी म्हटलं.

त्याचं नाव निखिल. नागपूरचा. त्या दिवसापासून रोझाला वरून निरोप यायला लागला, साडीवाल्या बाईला घेऊन ये आणि माइकच्या खाली बसव. माझी शेवटची रांग सुटली. याचा मला अभिमान वाटला, कशाला खोटं बोलू? कोंबडीवाली माझ्याशी कधी बोलली नाही.

मधल्या सुट्टीत निखिल कठड्याला टेकून माझ्याशी बोलायचा. मी त्याला मनातलं सगळं विचारून घ्यायची. तो जिना कुठे जातो? मला त्याचं फार कोडं होतं, कारण दर भागात हा वर जायचा आणि वर तर छतच नव्हतं. एक दिवस त्यानं कुणाला तरी विचारून मला आत नेलं. जिना वर जातो आणि एका फळीवर संपतो. फळीवर एक खुर्ची, एक पंखा. खाली पडू नये म्हणून दोरी बांधलेली.

"इथं बसून राहायचं," तो म्हणाला. "खाली माझं नाव निघालं की उतरायचं."

"आणि नाही निघालं तर?"

"मग पंखा आहे ना."

मी विचारलं, "तू खरंच असं इंग्रजी बोलतोस?"

"नाही जी! माझं इंग्रजी चांगलं आहे. ते बिघडवायला यांनी एक माणूस ठेवला आहे. रोज तासभर शिकवतो. अजून म्हणतो, पाहिजे तितकं बिघडलं नाही."

हळूहळू बाकीचं कळलं. टेक्सासमध्ये कॉम्प्युटरचं शिक्षण, मग तिथल्याच प्लेनो गावी मोठ्या कंपनीत नोकरी. तिथे संध्याकाळी नाटकाच्या क्लासला जायला लागला आणि एक दिवस नोकरी सोडून इकडे आला. आता या देशात राहायचे त्याचे कागद या मालिकेच्या कंपनीनं काढलेले. मालिका चालू तोवर कागद चालू. मालिका बंद, की सामान बांधायचं.

"आणि घरी?"

"घरी मी प्लेनोतच आहे," तो म्हणाला.

वडील नव्हते. आईनं शिवणकाम करून शिकवलेला. तिच्या गल्लीत सगळ्यांना माहीत, निखिल प्लेनोत कॉम्प्युटरमध्ये आहे. हा दर रविवारी फोन करायच्या आधी प्लेनोचं हवामान बघून घ्यायचा. पाऊस असला तर आईला सांगायचा, इथं आज पाऊस आहे. इथे लॉस एंजेलिसला लख्ख ऊन.

मी त्याला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "कधी सांगणार?"

"ही मालिका वर्षभर टिकली की. मग सांगतो, आई, टीव्हीवर आहे. पडली तर काय सांगू? कॉम्प्युटर सोडलं अन् हेही गेलं?"

मी म्हटलं, "टिकेल. हशा चांगला आहे."

हे मी अगदी खात्रीनं सांगितलं होतं. रोझालाही सांगितलं, डॅनीलाही. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकलेल्या बाईला नाटक चालणार की पडणार हे कळतं, असा माझा समज होता. तो साफ चुकला. सांगलीला जो हसायचा तोच तिकीट काढायचा. इथे हॉलमध्ये हसणारे आम्ही, आणि घरी बसून बटण दाबणारे निराळेच. त्यांनी दुसरं काहीतरी लावलं होतं. आमच्या घरीसुद्धा त्या वेळी जावयाचा फुटबॉल चालू असायचा. चारपाच भाग दाखवून झाले आणि वरच्या लोकांनी मालिका काढून टाकली.

ते आम्हाला कळलं तो दिवस दिवाळीच्या आसपासचा. मी निखिलला घरच्या शंकरपाळ्यांचा डबा नेला होता. आम्ही खुर्च्यांवर बसलो, जाकीट चढवलं, आणि मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. डॅनी नाचत होता, गोळ्या फेकत होता, पण फेकायच्या तेवढ्याच फेकत होता. लेखक कोपऱ्यात डोकी जोडून उभे नव्हते. वेगवेगळे बसले होते.

निखिल कठड्यापाशी आला. डबा घेतला.

"मावशी, बंद झालं. आत्ताच फोन आला."

"मग आज?"

"आज करायचं. सेट लावला आहे, प्रेक्षक आले आहेत. हा भाग दाखवणार नाहीत. पण करायचं."

"प्रेक्षकांना सांगितलं?"

"नाही. सांगितलं तर हसणार कोण?"

मीही प्रेक्षकच, आणि मला सांगितलं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी शंकरपाळे खा म्हटलं. त्यानं एक तोंडात टाकला आणि जिन्याकडे गेला.

त्या भागात पुन्हा आईचा फोन होता. लेखकांनी लिहिलं होतं ते एवढंच: फोन येतो, हा आपल्या भाषेत बोलतो, तोंडं करतो, मागे मशीनमधून फेस बाहेर यायला लागतो, हा बघत नाही, फोन ठेवून म्हणतो "नो प्रॉब्लेम", आणि फेसावरून घसरतो.

त्यानं फोन उचलला. मान डोलवली. लोक हसले.

"आई, मी प्लेनोत नाही."

हसत हसत म्हणाला. तोंड असं केलं की जणू गावाकडच्या म्हशीबद्दल सांगतोय.

"दीड वर्ष झालं, नाही. पाऊस सांगायचो ना, तो इंटरनेटवरचा पाऊस. मी इथं कपडे धुवायच्या दुकानावर भाड्यानं राहतो. ते दुकानही खोटं आहे. तीन भिंती आहेत फक्त. चौथ्या भिंतीच्या जागी लोक बसवले आहेत, मला हसायला. नाही नाही, चांगले लोक आहेत, शंकरपाळे आणतात. माझी खोली? खोली नाही. जिना आहे. जिन्यावर खुर्ची आहे. आज ती पण काढणार आहेत. मी येतो घरी. तू गल्लीत काय सांगायचं ते ठरवून ठेव."

मागे फेस वाढत होता. लोक पोट धरून हसत होते. ते फेसाला हसत होते, त्याच्या तोंडाला हसत होते. कळत फक्त मला होतं. आणि मी पण हसत होते. हे मला नीट सांगायला हवं. मला त्याची कीव आली नाही. कीव आली असती तर गप्प बसले असते. तो ते इतकं चोख करत होता, एकीकडे मनातलं बोलत होता आणि दुसरीकडे फेसाची वेळ साधत होता, की 'जिन्यावर खुर्ची आहे'ला मला हशा फुटला. त्यानं फोन ठेवला, म्हणाला "नो प्रॉब्लेम", आणि घसरला. अगदी जिथे घसरायला हवं तिथे.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"वन्स मोअर!"

सांगलीच्या आवाजात. भिंतीपलीकडे जाईल असं.

सगळं थांबलं. प्रेक्षकांनी इथे हसायचं आणि टाळ्या वाजवायच्या, मागणी करायची नसते. पुन्हा करायचं की नाही हे डायरेक्टर सांगतो. आमच्याकडे चांगलं झालं म्हणून पुन्हा करतात, इथे बिघडलं म्हणून. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, काहीतरी बिघडलं. कॅमेऱ्यावरचा माणूस कॅमेरा तपासायला लागला. एक पोरगी कानातलं यंत्र धरून माझ्याकडे धावत आली. रोझानं कपाळावर हात मारला. "मम्मा! नो, नो, नो!"

निखिल फेसात बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उठला, पुढे आला आणि दोन्ही हात जोडून, छातीशी धरून, वाकला. अगदी आपल्याकडचे गाणारे नट वाकतात तसा. तो नागपूरचा, त्याला सांगायला लागलं नाही.

मग तो डायरेक्टरकडे वळून काहीतरी बोलला. टकले डायरेक्टर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. हात हलवून म्हणाले, द्या तिला.

फेस पुसायला वेळ लागला. मग त्यानं पुन्हा फोन उचलला. या वेळी मान डोलवली नाही. तोंडं केली नाहीत. शब्द तेच, पण आईशी बोलतो तसा बोलला. लोक हसले नाहीत. आर्मेनियन आजोबांनी डोळे उघडले. मागे फेस वाढत होता तरी कोणी हसेना, सगळे त्याच्याकडे बघत होते, एक अक्षर कळत नसताना. शेवटी त्यानं फोन ठेवला, जरा थांबला, आणि साध्या, चांगल्या इंग्रजीत म्हणाला, "नो प्रॉब्लेम." मग लोक जे हसले आणि जे टाळ्या वाजवायला लागले, ते थांबेचनात. टाळ्या वाजवा म्हणून सांगणारी एक पाटी असते, दिव्याची. ती पेटलीच नव्हती. आधी टाळी वाजवली ती कोंबडीवालीनं.

ते कोणीच पाहिलं नाही. तो भाग कुठे लागला नाही.

सगळं आटोपल्यावर आम्ही बसपाशी उभे होतो. सुतार आत शिरून भिंती काढायला लागल्याचे आवाज येत होते. निखिल बाहेर आला. हातात माझा डबा, रिकामा, आणि मोबाईल.

"मावशी, नागपूरला आता सकाळ आहे. लावू?"

"मला काय विचारतोस?"

त्यानं लावला. तिकडून आवाज आला, चांगला खणखणीत. "निखिल? आज रविवार नाही. बरं आहे ना?"

"आई," तो म्हणाला. आणि पुढे काही बोलेना. मघाशी दोनदा बोललेला माणूस.

मी म्हटलं, "अरे, दोन वेळा झालंय. तेच म्हण."

मग तो बोलला. फेस नव्हता, त्यामुळे जास्त वेळ लागला. त्याच्या आईनं ऐकून घेतलं आणि सगळं सांगून झाल्यावर मोठ्यानं विचारलं, मला इथे ऐकू आलं, "म्हणजे तू टीव्हीवर होतास? मग आम्हाले काहून नाही दिसला?"

"इकडच्या टीव्हीवर, आई. अन् आता बंद झालं."

"काय करायचा तू त्यात?"

"लोकांना हसवायचो."

"करून दाखव."

तो तिथे, गाड्यांच्या मधे, फोन कानाला लावून मान डोलवत आपलं ते बिघडवलेलं इंग्रजी बोलला. फोनवर मान दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी कान देऊन ऐकत होते, हशा येतो का. आला नाही.

ती म्हणाली, "यावर लोक हसतात?"

"हसतात ना. हसणाऱ्या एक मावशी इथं उभ्याच आहेत, विचार त्यांना." आणि त्यानं फोन माझ्या हातात कोंबला.

आता मी काय बोलणार? ओळख ना पाळख. मी म्हटलं, "नमस्कार. मी सांगलीची."

ती म्हणाली, "बाई, माझ्यापाशी खोटं बोलू नका. चांगलं करतो का हो तो?"

"मला हसायचे पैसे मिळतात," मी म्हटलं. "फोनवर बोलायचे मिळत नाहीत. चांगलं करतो."

तिचा विश्वास बसला नव्हता. कसा बसावा?

मग मी म्हटलं, "आज वन्स मोअर मिळाला त्याला."

तिकडे कुकरची शिट्टी झाली, ती मी ऐकली. मग तिनं विचारलं, "कोणी मागितला?"

"मी."

"तुम्ही एकट्यानंच?"

"एकटीनंच."

"अन् त्यानं घेतला?"

"हात जोडून घेतला."

ती म्हणाली, "त्याले फोन द्या." मी दिला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, तिनं आवाज खाली आणला होता. रोझा शिट्टी फुंकत होती, बस निघायची होती, म्हणून मी चढले आणि खिडकीशी बसले. काचेतून शब्द कळत नव्हते. पण निखिल हसत होता, आणि ते हसणं कुणाच्या सांगण्यावरून नव्हतं. एवढं मला भिंतीपलीकडूनही कळतं.